जावा, पायथन आणि उतरवलेला तक्ता

गेल्या उन्हाळी परीक्षेत सांगलीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात एका मुलीला बरोबर उत्तर लिहिल्याबद्दल प्रात्यक्षिकात नापास करण्यात आलं. अंतर्गत परीक्षक मी होतो.

वाद जर्नलमधल्या एका तक्त्यावरून झाला. मुलं तो वरच्या वर्गाच्या जर्नलवरून उतरवतात. पूर्वी अभ्यासक्रमात जावा आणि सी प्लस प्लस या संगणकभाषांची तुलना होती. पुढे सी प्लस प्लसच्या जागी पायथन आलं. कुणीतरी मथळा तेवढा बदलला, खालची उत्तरं तशीच ठेवली. त्यामुळे क्लासमधली, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका कप्प्यातली, प्रायव्हेट माहिती बाहेरून सरळ वाचता येते का, या प्रश्नापुढे दोन्हीकडे ‘नाही’ आहे. जावापुरतं ते बरोबर आहे. पायथन त्या माहितीच्या नावाला फक्त क्लासचं नाव जोडतं. ते जोडनाव ठाऊक असेल तर कुणीही वाचू शकतं. मला हे माहीत होतं. तरी चार वर्षं मी त्या तक्त्याखाली सही करत होतो.

कोरेगावच्या या मुलीने पायथनपुढे ‘येते’ असं लिहिलं. तिला पुण्यातल्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलेलं होतं. अट एकच, एकही विषय मागे राहता कामा नये.

साताऱ्याहून आलेले बाह्य परीक्षक भडंग खात जर्नलं उलटत होते. पानांवर तेलकट बोटं उमटत होती.

“हे चुकलंय.”

“सर, चालवून दाखवू?”

तिने चार ओळी टाइप केल्या. लपवलेला आकडा पडद्यावर आला. परीक्षकांनी तिच्याच जर्नलच्या कव्हरला बोटं पुसली.

“तुझ्या मशिनवर येत असेल. बाकी सगळ्या वर्गाने ‘नाही’ लिहिलंय.”

मागून तिची मैत्रीण कुजबुजली, “लय शाणी तू! सगळ्यांनी लिवलंय तेच लिवायचं की गं.”

मी म्हणालो, “सर, उत्तर तिचंच बरोबर आहे.”

“मग काय, अख्खा वर्ग नापास करू? जेवायचं कुठं केलंय ते सांगा.”

तिच्या नावापुढे ते उत्तीर्णतेहून दोन गुण कमी लिहून उठले. मला किळस आली. गुणपत्रकावर दोन परीक्षकांच्या सह्या लागतात. दुसरी मी केली.

निकालानंतर कंपनीने पत्र रद्द केलं. हिवाळी परीक्षेला ती पुन्हा बसली. नव्या जर्नलमध्ये तिने दोन्हीकडे ‘नाही’ लिहिलं. ती उत्तीर्ण झाली.