रिकाम्या खणातली रेघ

भुतांचा मला कधी त्रास झाला नाही. भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा झाला. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधल्या गच्चीवरच्या बऱ्याच बैठका मी "पुरावा काय?" एवढंच विचारून मोडल्या आहेत. आज मीच एक सांगायला बसलोय... हसायचं त्यांनी आधीच हसून घ्यावं.

नव्वदच्या दशकाचा शेवट. कोलशेतला, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये आमची लॅब होती. मालक डॉ. सरंजामे परदेशातून परतलेले, आणि हे कुणाला विसरू न देणारे. पीसीआर म्हणजे जीनच्या प्रती काढायचं मशीन. ते त्यांना टपाल तिकिटाएवढ्या सिलिकॉनच्या चिपवर आणायचं होतं. चिपवर चार बारीक खण. खालचा हीटर त्यांना तापवतो, थंड करतो, पुन्हा तापवतो. हीटरचं सर्किट माझं. बाकी सगळं काम वैशाली म्हात्रेचं. बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी., राहायला ठाकुर्लीला, अजून प्रोबेशनवर. चिप मखमली डबीत ठेवायची, हे संशोधन मात्र सरांचं स्वतःचं.

उंदराच्या पेशींना चटका दिला की त्या एक ठरावीक जीन चालू करतात. तो चालू झाला का, एवढंच बघायचं. तीन खणांत पेशींचा अर्क, चौथ्यात नुसतं पाणी. त्याला ब्लँक म्हणतात. शेवटी खणांतले थेंब जेलच्या पातळ लादीत शेजारी शेजारी घालून वीज सोडायची; मग यूव्ही दिव्याखाली, जीन चालू असेल तिथे नारिंगी रेघा दिसतात. ब्लँकच्या जागी अंधार हवा. तिथे रेघ आली तर सगळं काम कचऱ्यात.

आमच्या ब्लँकमध्ये रेघ आली.

"मॅडम, मास्क लावता की गळ्यात दागिना म्हणून घालता?" सर म्हणाले.

"लावला होता, सर."

"मग जीन काय खाडीतून पोहत आला?"

वैशालीने इंजेक्शनचं सीलबंद पाणी वापरलं, नवी चिप घेतली. रेघ आणखी ठळक. मी तिला कंटॅमिनेशनवर चार शब्द ऐकवायला गेलो, तर तिने माझं बोलणं तोडलं.

"अरे मिलिंद, तेही बघितलं. आरएनए वाचायची पायरी गाळली की रेघ जाते. म्हणजे हा धुळीतला जुना डीएनए नाही, आरएनए आहे, जीन चालू असला तरच बनणारा. तो लगेच कुजतो. मेलेल्याचा असा टिकत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या पाण्यात काहीतरी जिवंत आहे आणि ते भाजतंय," ती म्हणाली. घाबरून नाही, वैतागून.

पैसे गुंतवणारी मंडळी बघायला येणार होती. सरांनी जेलच्या फोटोतून ब्लँकचा भाग कात्रीने कापला आणि 'ब्लँक स्वच्छ' लिहिलेला रिपोर्ट तिच्यापुढे सरकवला.

"सही करा."

"ब्लँक स्वच्छ नाहीये, सर."

"निष्काळजीपणामुळे काढलं, असं पत्र हातात दिलं तर कुठल्या लॅबच्या दारात उभं करतील तुम्हाला?"

"फोटो अख्खा लावा. लगेच सही करते."

तिला बाटल्या धुवायला बसवलं. पत्र टाइप करून सरांच्या टेबलावर, तिला दिसेल असं ठेवलं. पाहुणे गेले की ते तिच्या हातात पडणार होतं. प्रयोग सरांनी स्वतः केला. चौथ्या खणात त्यांनी पाणीसुद्धा घातलं नाही, वर टेप चिकटवली. जेलमधली चौथी जागाही रिकामी सोडली.

पाहुणे आले. शाली झाल्या, काजू झाले. "आज प्रत्येक थेंब माझ्या हाताने टाकलाय," असं सर येईल त्याला सांगत होते. दिवा लागला. तिन्ही अर्कांच्या जागी अंधार. चौथ्या, रिकाम्या जागी रेघ... इतकी प्रखर, की पाहुण्यांच्या चष्म्यांत दिसत होती.

जेलमधली रेघ वीज दिली तर खाली सरकते. आडवी कधीच नाही. वीज काढलेली होती. ती आडवी सरकली — तिन्ही अंधाऱ्या जागा ओलांडून, सर उभे होते त्या कडेपर्यंत. सर मागे हटले, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. रेघ उलटी फिरली.

"हे कुणी केलंय?" एका वयस्कर पाहुण्यांनी विचारलं.

"मी... स्वतः," सर म्हणाले. आता दुसरं कुणाचं नाव घ्यायची सोय नव्हती.

पाहुणे गेल्यावर त्यांनी निष्काळजीपणाचं पत्र फाडलं आणि वैशालीला साधा, स्वच्छ अनुभवाचा दाखला दिला. तिने तो दोनदा वाचला आणि त्याच दिवशी नोकरी सोडली. गेटपाशी मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. त्या पत्राची."

"आणि त्या रेघेची?"

"तिला आपण रोज भाजत होतो, रे. चिडणारच."

मी आजवर बरेच तर्क लढवले. दूषित रसायन म्हणावं, तर रिकाम्या जागेत ते आलं कुठून? कुणाची लबाडी म्हणावी, तर विजेशिवाय रेघ आडवी चालवायची विद्या मला माहीत नाही. वाचकांत कुणी जाणकार असेल तर जरूर सांगावं. फक्त 'हाताळणीतला निष्काळजीपणा' म्हणू नये. ते म्हणणारा माणूस त्या टेबलाभोवती पळताना मी पाहिलाय.