पप्पांच्या पाठीवर

पप्पांच्या फुप्फुसांत कफ साचून राहतो. तो बाहेर यायला पाठीवर थापा माराव्या लागतात. कल्याणच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला शिकवलं: तळहात वाटीसारखा खोलगट ठेवायचा, बरगड्यांवर चांगला आवाज आला पाहिजे.

"घरी कोण करणार?" त्यांनी विचारलं.

"ही करेल. कॉलेजला जाते, तिला समजतं," आई म्हणाली.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. समजलं होतंही मला. पण कोपरला घरी आल्यावर पप्पा उशी छातीशी धरून पाठमोरे बसले आणि माझा हात उचलेना. आमच्याकडे मोठ्यांना चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात. बापावर हात कसा उगारायचा? मी आधी त्यांच्या पाया पडायचे, मग हळूहळू थोपटायचे.

"लागत नाही ना?"

"नाही गं. छान वाटतं."

कधीकधी त्यांचा डोळाही लागायचा. मला वाटायचं, बरं चाललंय.

मग पप्पांना पुन्हा ताप आला, धाप वाढली. दवाखान्यात मॅडमनी त्यांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला.

"खाली सगळा कफ भरलाय. रोज करता ना?"

"करते हो," माझ्याआधी पप्पाच बोलले. "पाठ शेकून निघते माझी."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "दाखव करून."

मी दाखवलं.

"अगं, बाळ झोपवतेस का?"

मग त्यांनी स्वतः सुरुवात केली. तो पोकळ, मोठा आवाज ऐकून मी डोळे मिटले. पप्पा खोकत राहिले. कागदी कपात जे पडलं, ते माझ्या मायेमुळे इतके दिवस आत राहिलं होतं. आणि वर पप्पा माझ्यासाठी खोटं बोलले, हे अजून जात नाही मनातून.

संध्याकाळी मी हात उचलला. आवाज ऐकून शेजारच्या काकू दारात आल्या. "अगं, बापाला बदडतेस काय?"

"बदडू दे, वहिनी," पप्पा उशीतूनच म्हणाले. "नापास झालोय मी."

काकू हसत गेल्या. मला हसू येईना. एक बाजू झाल्यावर पप्पांची लाल पाठ बघवली नाही. मी नमस्काराला वाकले. त्यांनी पाय चादरीत ओढून घेतले.

"पाया पडलीस की हात हलका होतो तुझा," ते धापा टाकत म्हणाले. "दुसरी बाजू राहिली आहे. मार."