काशाची वाटी

प्रदर्शनातल्या पाय चोळायच्या मशीनवर काशाच्या वाटीने तळपाय घासून घेतलेले एक आजोबा काळे पाय दाखवत म्हणाले, “बघा, केवढी उष्णता निघाली!” मी गप्प राहिलो.

बी.एस्सी. झालो तेव्हा नव्हतो राहिलो. घरातला पहिला पदवीधर मी. आई रोज संध्याकाळी माझ्या वडिलांच्या, आबांच्या तळपायांना तूप लावून वाटी घासायची. मी म्हणालो, “उष्णता कसली? काशाला तूप लागलं की काळं होतंच.” आबा हसले, “शिकलास बाबा!” आणि दुसऱ्या दिवसापासून पाय पुढे करेनासे झाले.

मी सांगितलं ते आजही खरंच आहे. पण भरल्या घरात त्या दोघांना जवळ बसायला तेवढंच निमित्त होतं. आबा गेले तेव्हा आई म्हणाली, “वाटी बंद झाल्यापासून त्यांचे पाय हाती लागले ते आजच, नमस्कार करताना.”