पापणीला लावलेली मास्किंग टेप

"अक्का, परत झोपलात! मालकांनी फोनवर पाहिलं."

सुपरवायझर नागराज सरांनी छतावरच्या नव्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. मी जागीच होते. माझी डावी पापणी दोन वर्षांत हळूहळू खाली आली आहे, एवढंच. पण तोंड उघडून सांगायला मला जमत नाही.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पितळी बुश बनतात, म्हणजे बोटाएवढ्या नळ्या. चेकिंगला मी एकटीच. कापताना कडेला धातूचा बारीक काटा राहतो, त्याला बर म्हणतात. बर दिसला की पीस बाजूला. अकरा वर्षं हेच काम.

"पुन्हा दिसलं तर पॅकिंगला," सर म्हणाले. पॅकिंगला गेलेली बाई परत चेकिंगला येत नाही.

मी पॅकिंगची मास्किंग टेप घेतली आणि पापणी वर चिकटवून टाकली. तरी मालकांना झोपच दिसली! तिसऱ्या दिवशी डोळा लाल, वाळू गेल्यासारखा, पाणी थांबेना. बर असलेले चार पीस माझ्या हातून पास झाले. सरांनी ते टेबलावर आपटले. "एक महिना देतो. डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी टेप पाहून कपाळावर हात मारला.

"डोळा कोरडा आहे तुमचा."

"पाणी तर वाहतंय!"

"कोरडा डोळा चुरचुरतो, म्हणून पाणी काढतो. पापणीच्या कडेला तेलाच्या ग्रंथी असतात. ते तेल अश्रूंवर पसरतं, म्हणून अश्रू लवकर वाळत नाहीत. तुमचं तेल तुपासारखं थिजलंय. वर तुम्ही दिवसभर झाकण उघडं ठेवलंत."

पापणी उचलायचं ऑपरेशन असतं. पण आधी कोरडेपणा कमी करायचा, नाहीतर डोळा जास्त उघडा राहून त्रास वाढतो. तोवर रोज गरम कापडाचा शेक, पापण्यांची सफाई आणि ड्रॉप्स.

महिन्याने चुरचुर कमी झाली, नजर साफ झाली. पापणी तिथेच. सरही तिथेच.

"अक्का, परत?"

मी स्टुलावरून उठले. स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. "सर, स्वल्प, थोडा वेळ बसा इथे. बर शोधा."

ते बसले. मान खाली घालून बुश फिरवू लागले. पाच मिनिटांत त्यांचा फोन वाजला. मालकांचा आवाज मलाही ऐकू आला, "नागराज, आता तू पण झोपायला लागलास?"

खाली बघणारा माणूस वरून झोपलेलाच दिसतो. संध्याकाळी सरांनी कॅमेरा गेटकडे वळवला. मी चेकिंगलाच आहे.

बुश आम्ही हातात घेऊन, फिरवून बघतो, मग रिजेक्ट करतो. माणसाच्या बाबतीतही तेवढं करावं. आणि टेप खोक्यालाच लावावी.