फळ्यावरचं पहिलं गाणं

हुबळीच्या कमरीपेठेतल्या दत्तात्रेय अण्णांच्या दुकानात पूर्वी कॅसेटी मिळत, आता मोबाईलची कव्हरं आणि चार्जर मिळतात. मात्र डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी सकाळी दुकानाबाहेर एक काळा फळा लागतो. त्यावर खडूनं, कन्नड अक्षरांत, अण्णांना आवडलेली वर्षातली दहा गाणी. सिनेमातली नव्हेत, कंपन्यांची नव्हेत. पोरापोरींनी आपल्या खोलीत बसून स्वतः केलेली. पोरं त्यांना इंडी म्हणतात. धारवाडच्या कॉलेजातली मुलं मुद्दाम येऊन फळ्याचा फोटो काढतात आणि दुपारपर्यंत तो गावभर फिरतो. अण्णांचा कान खरा, यात वाद नाही. पण कान खरा म्हणून माणूस खरा, असं कुणी समजू नये.

सुशीला ही त्यांची धाकटी बहीण, आता त्रेसष्ट वर्षांची. विसाव्या वर्षी तिनं धारवाडच्या आकाशवाणीला अर्ज केला होता. आवाजाच्या चाचणीला या, असं पत्र आलं. घरचं टपाल दुकानात यायचं. अण्णांनी पत्र वाचलं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि तारीख उलटू दिली. अळणावरच्या लाकूड वखारवाल्यांकडे तिची बोलणी चालली होती, आणि रेडिओवर गाणारी सून त्यांना चालली नसती. लग्न झालं. पहिल्या भाऊबीजेला ओवाळायच्या आधीच अण्णांनी ताटात ट्रान्झिस्टर घातला आणि हसत हसत सांगून टाकलं, पत्र आलं होतं गं, मीच ठेवून घेतलं, बघ कसं घर मिळालं. सुशीलेनं ऐकून घेतलं आणि त्यांना ओवाळलं. त्या ओवाळण्याची चीड तिला आजही येते, अण्णांची येते त्याहून जास्त.

अळणावरला अडतीस वर्षं गेली. नवरा वारला, वखार दिरानं विकली, आणि ती नवनगरला मुलीकडे, प्रियांकाकडे, राहायला आली. प्रियांका नोकरी सांभाळून मागच्या खोलीत गाणी करते. एका दुपारी आई तांदूळ निवडत आपलंच काहीतरी म्हणत होती, ते तिनं फोनवर टिपून घेतलं:

गाडी आली अळणावरला, टपाल आलं पोत्यात,
माझं तेवढं बरलिल्ल, बरलिल्ल.

बरलिल्ल म्हणजे आलंच नाही. घरात अर्धं मराठी, अर्धं कन्नड चालतं, तसंच गाण्यातही. प्रियांकानं मागे नुसता तंबोरा आणि सुपाचा आवाज ठेवला. ऑगस्टमध्ये गाणं बाहेर पडलं, गायिका म्हणून सुशीलेचं नाव घालून. लोकांनी ऐकलं, ऐकवलं. पण सुशीलेला फोनवरच्या नावाचं कौतुक नव्हतं. ज्या हातानं पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं, त्या हातानं लिहिलेलं नाव तिला हवं होतं.

भाऊबीजेला अण्णा नवनगरला आले. ओवाळून झाल्यावर ते साडीची पिशवी पुढे करू लागले, तर तिनं ताट बाजूला घेतलं.

"साडी नको अण्णा. गाणं फळ्यावर घेतलंस, तर माझं नाव लिही."

गाणं पहिलंच येणार, ते म्हणाले, भाचीचं आहे म्हणून नव्हे. आणि नाव? लिहितो की. ओवाळणीत मागितलेलं त्यांच्यात नाकारत नाहीत. तिनं ताट पुढे केलं.

एकतीस डिसेंबरला ती इरकल नेसून एकटीच बसनं हुबळीला गेली. फळ्यापुढे दहाबारा पोरं फोन वर करून उभी होती. पहिलं गाणं तेच होतं. त्याखाली अण्णांच्या सुरेख अक्षरात: संगीत, प्रियांका. आवाज, तिची आई.

तिनं दोनदा वाचलं आणि आत गेली. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "सुशी, तुझ्या सासरची माणसं याच रस्त्यानं जातात. पाहुण्यांत काय शोभतं ते बघायला नको? आणि तिची आई म्हणजे तूच की."

सासरची कोण माणसं? सासू-सासरे कधीच गेले होते, दीर बेंगळूरला मुलाकडे अंथरुणाला खिळलेला.

"खडू दे इकडे," ती म्हणाली.

त्यांनी दिला. वर म्हणाले, "आता लिहून काय? फोटो गेले सगळीकडे."

ते खोटं नव्हतं. तिनं खडू गल्ल्यावर ठेवला आणि नवनगरची बस धरली. प्रियांका चिडली, मामाला आत्ता फोन करते म्हणाली. तिला गप्प बसवून सुशीलेनं माळ्यावरून ट्रान्झिस्टर काढला आणि तशीच परत दुकानात गेली. तो अण्णांसमोर ठेवला. पुढच्या भाऊबीजेला येऊ नकोस, म्हणाली.

अण्णा हसले. तेव्हा हसले होते, तसेच.

"चालतो अजून?"

"चालतो. दुसऱ्यांचं सगळं ऐकवतो."

ती पायरी उतरली. अण्णांनी फडक्यानं ट्रान्झिस्टरवरची धूळ पुसली आणि सेल गळलेत का ते बघायला तो उलटा केला.