समोरच्या टेकडीवरचा कंदील

ऑफिसात फायली साचतात तसे किस्सेही साचतात. फायलींना वाळवी लागते, किश्शांना नाही! साठ सालच्या आसपास मी परतवाड्याला जंगल खात्यात क्लार्क होतो. मूळचा बाळापूरचा, मला जंगल काय ठाऊक! पण मेळघाटातल्या गार्डांच्या डायऱ्या माझ्या टेबलावर यायच्या. पावसाळ्यात नद्या फुगल्या की एकेक गार्ड आपल्या चौकीवर तीन-तीन महिने एकटा. माणसाचं तोंड दिसायचं नाही. मला तर आठ दिवसांत वेड लागलं असतं.

*

वानखडे गार्ड रोज दाढी करून, युनिफॉर्म चढवून ड्यूटीवर हजर. बघतंय कोण? एकदा त्याच्या डायरीत ओळ सापडली : 'रजेचा अर्ज केला. नामंजूर. चौकीवर दुसरा माणूस नाही.'

अर्ज करणारा तोच, साहेबही तोच!

*

म्हातारे गुलाबराव एकटेच दोन्ही बाजूंनी पत्ते खेळत. एकदा चार दिवस डाव बंद.

"काहून?" मी विचारलं.

"समोरचा लबाडी करून राहिला होता, बाबू!"

हेच गुलाबराव पूर ओसरल्यावर बाजारातल्या हॉटेलात भेटले. मी चहा मागवू लागलो, तर म्हणाले, "चा राहू द्या. तुमी नुसते बोला. काईबी बोला." मी बाळापूरच्या किल्ल्यापासून सासूबाईंपर्यंत तासभर बोललो. ते डोळे मिटून ऐकत होते. माझं बोलणं इतकं मन लावून पुन्हा कुणी ऐकलं नाही.

*

तायडे आणि इंगोले यांच्या चौक्या समोरासमोरच्या टेकड्यांवर, मधे नदी. उन्हाळ्यात एका कुऱ्हाडीवरून दोघांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. पण पावसाळाभर दिवेलागणीला दोघंही आपापल्या चौकीपुढच्या खांबावर कंदील टांगायचे. मी जिवंत आहे, एवढंच सांगायला.

श्रावणात तायडेच्या डायरीत पाच दिवस एकच ओळ होती : 'ताप. कंदील लावला.'

"इतक्या तापात कंदील लावाले गेला काहून?" मी त्याला विचारलं.

"सरपटत गेलो. उभं राहवे ना, म्हणून खांबाखालीच ठेवला. कंदील दिसला नसता तं इंगोले नदीत उतरला असता. अन् त्याले पोहता येत नाई, बाबू."

भांडावं तर असं!

पगाराच्या दिवशी इंगोले आला. मी तायडेचं नाव काढलं मात्र, गडी भडकलाच. "त्याचं नाव नका घेऊ माह्यासमोर!"

सही करून निघाला, आणि दारातून परत फिरला.

"बाबू, श्रावणात पाच दिवस त्याचा कंदील जमिनीवर होता. काय झालं होतं त्याले?"