संतोष पेंटरची चौथी दीर्घिका

संतोष पेंटर कुणाशी गोड बोलला, असं वसमतमध्ये कुणालाच आठवत नाही. तांड्यावरचा माणूस, दुकानांच्या पाट्या रंगवून वर आलेला; जीभ मात्र सुरीसारखी. वाकडी रेघ त्याला सोसत नसे. गिऱ्हाइकानं दिलेला नमुना वाकडा असला, तर न विचारता सरळ करायचा आणि वर दोन शब्द ऐकवायचा.

२००१ साली हट्टा गावाच्या बाजूच्या एका शाळेची भिंत त्याला रंगवायला मिळाली. मुख्याध्यापक शिवहार सरांना तिच्यावर आकाशगंगेसारख्या दीर्घिकांचे चार प्रकार हवे होते. संतोष याच शाळेत शिकला होता. सरांनी तेव्हा त्याला कधी नावानं हाक मारली नाही. "ए तांड्या" म्हणायचे. म्हणूनच त्यानं हे काम घेतलं. त्याच सरांच्या भिंतीवर त्याला आपलं नाव ठळक अक्षरात लिहायचं होतं.

भिंत काळी करून, खडू लावलेल्या दोरीनं चौकोन पाडून त्यानं सरांनी दिलेल्या पुस्तकातली चित्रं मोठी केली. सर्पिल दीर्घिकेचे हात भोवऱ्यासारखे वळले. दंडसर्पिलच्या पोटातला दांडा नीट बसला. लंबवर्तुळाकार तर अंड्यासारखी, सोपीच. चौथी म्हणजे नुसता विस्कटलेला डाग. छापणाऱ्याच्या हातून शाई सांडली असणार, असं समजून संतोषनं तिला छान गोल केलं आणि खाली आपलं नाव घातलं.

सर आले आणि सगळ्या शाळेसमोर तडकले. "अरे, ही अनियमित दीर्घिका! हिला ठराविक आकारच नसतो. साधी नक्कल जमत न्हाई? अक्कल तांड्यावर ठेवून आला काय?"

"आकारच न्हाई, तर काढाया काहून सांगितली?"

"पूस ती. नाव बी पूस. तुझं नाव माझ्या भिंतीवर नको."

संतोषच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पांढऱ्या रंगाचा डबा त्यानं उचलला आणि त्या गोलावर रिकामा केला. "घ्या तुमची दीर्घिका!"

रंग फुटला, पसरला, ओघळला. सरांनी पुस्तकात पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं.

"हां, आता बराबर जमली," ते म्हणाले. "राहू दे नाव."

पोरांनी टाळ्या पिटल्या. संतोषला त्या माणसाचा एवढा राग कधीच आला नव्हता. जीव ओतून काढलेल्या तीन चित्रांबद्दल सरांनी चकार शब्द काढला नव्हता. त्यानं रॉकेलचा बोळा घेतला आणि आपलं नाव खरवडून पुसलं.

"डबा ओतून तुमच्यावर थुंकलो, ते तुमाला आवडलं," तो म्हणाला. "त्याच्याखाली माझं नाव न्हाई राहणार."